जामिनावर मिसर

खडकवाडीच्या सोसायटीनं वाचनालय काढलं ते गावाला वाचनाची भूक लागली म्हणून नव्हे, फुकटात पदरात पडलं म्हणून. चेअरमन विठ्ठलरावांचा मेहुणा परळीच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. तिथले एक मोठे साहेब रिटायर झाले आणि त्यांच्या पुस्तकांच्या ट्रंका काही त्यांना नेववेनात. विठ्ठलरावांना फुकटची वस्तू नाकारायची सवय नव्हती. त्यांनी ट्रंका जीपमध्ये टाकल्या आणि कडा या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, माळावरच्या खडकवाडीत आणून सोसायटीच्या गोदामात उतरवल्या. उघडून बघतात तर निम्मी पुस्तकं मिसर देशावरची. राजे, त्यांच्या कबरी, नाईल नदी, बैलतोंडे देव. साहेबांना त्या देशाचं वेडच असावं. पान उलटलं की परळीची बारीक राख बोटाला लागायची.

शहाऐंशीचं साल. पाऊस दोन वर्षं तोंड दाखवून पळून गेला होता. धडधाकट माणूस दिवाळी झाली तसा कोयता घेऊन खाली कृष्णाकाठच्या कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेला. गावात राहिलेली म्हातारी माणसं आणि टँकरची वाट बघणाऱ्या घागरी. अशा गावात पुस्तकं वाचणार कोण? तर उत्तरेश्वर आबा.

आबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला, मराठी नंतर पोथीवर गिरवलेली. गावात कुणी वारलं की गरुडपुराण वाचायला आबाच जायचा. वाचता वाचता मध्येच थांबून ऐकणाऱ्याला झापायची त्याला खोड होती. ‘झोपा काय काढता? पुढं हेच भोगायचंय तुमाला!’ असं म्हणून पुन्हा ओळीवर बोट ठेवायचा. त्यामुळे लोक त्याला भीत, आणि बोलावल्याशिवायही राहत नसत.

तो पहिल्यांदा पुस्तक मागायला गेला तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी गहिनीनाथ चष्मा पुसत म्हणाला, “सभासद हायेत का आबा?”

“बे, तुझ्या बापाच्या आधीचा सभासद हाय मी.”

“मग जामीनदार आणा.”

“कशाला? पुस्तक हाय ते का बैल हाय?”

“वस्तू ती वस्तू. सोसायटीतून बिगरजामिनाचं काई भाईर जात न्हाई.”

गहिनीनाथाला उसनं देण्याची एकच रीत ठाऊक होती. आबानं त्याला शिव्या घातल्या, अर्ध्या गावाला ऐकू गेल्या, पण गहिनीनाथ ढिम्म हलला नाही. शेवटी आबा शेजारच्या कडूबाईला घेऊन आला. कडूबाई नवऱ्यामागं सभासद झालेली, अक्षरशत्रू, जिभेनं तिखट. तिचे दोन्ही लेक तोडीला गेलेले. आबाची भाकरी ती आपल्याच तव्यावर टाकायची.

“वाचणार हे आन् अंगठा माझा?” तिनं विचारलं. “पुस्तक फाटलं तर?”

“तर तू भरून द्यायचं,” गहिनीनाथ म्हणाला.

“म्हाताऱ्या, पान हळू उलटा बरं का,” असं आबाला बजावून तिनं अंगठा केला. अशा रीतीनं मिसर देश जामिनावर खडकवाडीत आला.

पहिलं पुस्तक नदीचं होतं. त्या देशात वर आभाळात ढगाचा फुटका तुकडा नसतो आणि खाली नदीला पूर येतो, हे वाचून आबानं पुस्तक मिटलं आणि माळाकडं बघत बसला. पाऊस भलतीकडंच पडायचा आणि पाणी ह्यांच्या दारात यायचं! आबाला त्या लोकांचा हेवाच वाटला. कडूबाईनं भाकरी आणली तेव्हा त्यानं तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “आमच्यावर पडलेला पाऊस कुणाच्या दारात जातो ते बघा की त्यात.”

दुसरं पुस्तक पिवळ्या पुठ्ठ्याचं. ते कबरींचं. त्यात चित्रं होती. मेलेला माणूस खाटेवर निजवलेला, बाजूला माणसं त्याचं काहीबाही करतायत. आबा वाचत गेला. मेलेल्या माणसाला ते लोक जाळत नसत. नुसतं पुरतही नसत. आतडी काढून त्याला मिठासारख्या खारात पुरून ठेवत, पार सुकवत, मग चिंध्यांत गुंडाळत. सत्तर दिवस लागत. आणि असं ठेवलेलं माणूस हजारो वर्षं टिकायचं. नाक, कान, केससुद्धा.

आबानं ती ओळ पुन्हा वाचली. मग अंगणात ऊन होतं तरी त्याला हुडहुडी भरली.

त्याचं कारण तीन वर्षांमागचं होतं. त्याची बायको सुंदरबाई पौषात गेली. लेक राधाकिशन आणि सून मुक्ता तेव्हाही तोडीला गेलेली. निरोप एका ट्रकवाल्याबरोबर धाडला, तो पोचला उशिरा, आणि राधाकिशन आला तो पाचव्या दिवशी. आईची राखसुद्धा सावडून झाली होती. तो घरात शिरला, आई निजायची त्या कोपऱ्याकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आबा, एक दिस ठेवता आली नसती का तिला?”

आबाचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. तो खेकसला, “मढं काय ठेवून ठेवतेत का रे?”

बस्स, एवढंच. त्या दिवसापासून राधाकिशन बापाशी कामापुरतंच बोलायचा. भाकर खाल्ली का, टँकर आला का, औषध घेतलं का. दिवाळीला निघताना पाया पडायचा, पण वर बघायचा नाही.

आणि आता हे पुस्तक सांगत होतं की ठेवतात. हजारो वर्षांमागं ठेवत होते. आपण पोराला चुकीचं उत्तर दिलं, असं आबाला वाटलं, आणि ते काही केल्या मनातून जाईना.

त्यात आबाला स्वतःचंही कळून चुकलं होतं. पाय सुजत होते. ओट्यावरून उठून रांजणाकडं जाईस्तोवर दम लागायचा. कड्याच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं आणि मग विचारलं होतं, “मुलगा कुठं असतो?” एवढ्यावरून आबा काय ते समजला. मरणाचं त्याला विशेष काही नव्हतं. गरुडपुराण इतक्यांदा वाचल्यावर माणूस निर्ढावतो. पण आपण पौष-माघात गेलो आणि राधाकिशन तोडीचा हंगाम संपवून गुढीपाडव्याला आला, तर तो पुन्हा एकदा रिकाम्या कोपऱ्याकडं बघत उभा राहील. एकदा झालं ते झालं, पुन्हा पोरावर ती पाळी येता कामा नये. आबाला तेवढं एकच हवं होतं, आपलं तोंड लेकाला बघायला मिळावं.

तेव्हापासून आबा मीठ आणायला लागला.

सोसायटीच्या दुकानात खडेमीठ पोत्यानं असायचं. आबानं आधी पिशवीभर नेलं. दोन दिवसांनी पुन्हा पिशवीभर. मग कडूबाईच्या नातवाची ढकलगाडी घेऊन आला आणि अर्धं पोतंच घेऊन गेला. गहिनीनाथानं विचारलं, “आबा, एवढं मीठ?” तर आबा म्हणाला, “तुला काय करायचंय? मिठाला बी जामीन लागतो का?”

आता खडकवाडीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळाआधी सगळं गाव ज्वारी विकत होतं तेव्हा ह्याच आबानं अंगणातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, काठोकाठ भरून ठेवलं होतं. लोक हसले होते. पुढं त्याच पेवातली ज्वारी अर्ध्या गावानं खाल्ली. तेव्हापासून आबा काय भरतो यावर गावाचं बारीक लक्ष असे. आबा मीठ भरतोय म्हटल्यावर म्हाताऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. आबाला काहीतरी समजलंय. पुस्तकं वाचतोय ना तो! पुस्तकात लिहिलंय म्हणे, मीठ मिळायचं बंद होणार.

मग काय, झुंबडच उडाली. जिच्या घरात शिजवायला काही नव्हतं तीसुद्धा मीठ घेऊन गेली. तीन पोती गेली, चौथं उघडलं, तेही गेलं. काठी टेकत आलेल्या एका आजीनं रिकामं पोतं झटकून खाली पडलेलं पदरात बांधून नेलं. कड्याहून विठ्ठलराव आले आणि मोकळ्या पोत्यांकडं बघून ओरडले, “दुष्काळात पाणी संपतं हे ऐकलं होतं गहिनीनाथ! मीठ कसं संपलं?”

“आबानं सुरुवात केली,” गहिनीनाथ म्हणाला.

“मग जाऊन विचार त्याला. आन् काय ते मला बी सांग, मी बी भरून ठेवतो.”

गहिनीनाथ आबाच्या घरी आला तेव्हा कडूबाई भाकरी घेऊन आली होती आणि अंगणात कमरेवर हात देऊन उभी होती. पेवावरची शिळा सरकवलेली. आत बुडाशी पांढरं मीठ पसरलेलं.

“आबा, हे काय?” गहिनीनाथानं विचारलं.

आबा ओट्यावर बसला होता. त्यानं पिवळं पुस्तक उघडलं, चित्रावर बोट ठेवलं आणि गरुडपुराण सांगावं तसं सगळं सांगून टाकलं. खार कसा लावतात, का लावतात. मिसर हा कोरडा देश, म्हणून तिथं माणूस टिकतो. मग आपला तालुका काय ओला हाय? आंघोळ घालायला बी पाणी लागत न्हाई, नुसतं मीठ. पेव कोरडं ठणठणीत, ज्वारी सात सात वर्षं किडत नव्हती त्यात. “मी गेलो की मला ह्यात ठेवायचं. वरून मीठ टाकायचं. शिळा लावायची. पाडव्याला राधाकिशन आला की काढायचं, त्यानं तोंड बघितलं की मग काय जाळायचं ते जाळा.”

कडूबाईनं तोंडावर पदर घेतला. “शिव शिव शिव! माणसाचं लोणचं घालता का काय?”

“राजे लोक करत होते ते!”

“राजाला करू द्या! आन् ते आतडं काढायचं म्हणता, ते कोण काढणार? माझ्याकडं बघू नका.”

“गहिनीनाथ काढंल.”

“मी सेक्रेटरी हाय आबा,” गहिनीनाथ कसनुसा होत म्हणाला.

कडूबाईला आधी हसू फुटलं. मग आबाचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं. आबा हसत नव्हता. त्याची मान खाली होती आणि सुजलेल्या पायांकडं बघत तो बोलत होता. सुंदरबाईच्या वेळचं ते एक वाक्य, आणि आपण त्यावर काय खेकसलो ते. ह्यातलं कडूबाईलाही ठाऊक नव्हतं. “पोरानं ठेव म्हणलं आन् मी त्याला मढं म्हणलो. त्याच्या आईला. त्याच्या तोंडावर.”

मग गहिनीनाथ म्हणाला, “आबा, मेल्यावर कशाला? आत्ताच बोलावून घेऊ की त्याला. सांगू, तब्येत बरी न्हाई.”

“तुला तोडीचं काय कळतं? आजाऱ्याला बघायला टोळीचा मुकादम सोडत न्हाई. हंगामाआधीच पैशाची उचल घेतलेली आसते. बाप मेला तरच सोडतो, ते बी तेराव्यापत्तोर.”

शिळा ओढून गहिनीनाथानं पेव झाकलं, नेलेल्या दोन पुस्तकांविषयी काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सोसायटी उघडली नाही. गहिनीनाथ कड्याला गेलाय, एवढंच गावाला कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दुपारचा टँकर येऊन गेला होता आणि आबा ओट्यावर उन्हात पाय सोडून बसला होता, तेव्हा वेशीकडून एक माणूस येताना दिसला. खांद्यावर पिशवी, डोईला टॉवेल. ओट्यासमोर आला आणि थांबला. त्यानं टॉवेल काढला. डोकं पार तासलेलं. मिशीसुद्धा नाही. आबानं डोळे बारीक केले. राधाकिशन होता तो. एकटाच.

सून कुठं? लेकरं कुठं? तोडीवर काय नाही होत? गाडी उलटते, साप चावतो, फडात आग लागते. तो ओट्याला धरून उठायला गेला, उठवेना.

“कोण गेलं रे?” त्यानं विचारलं.

राधाकिशन बापाकडं बघतच राहिला. मग तो म्हणाला, “तुमी.”

आणि तिथंच मातीत बसला. एवढा बाप्या माणूस, लहान पोरासारखा ढसाढसा रडायला लागला. कडूबाई पिठाच्या हातानं धावत आली, त्याचं डोकं बघून किंचाळली, मग तिलाही उमगलं आणि तीही रडायला लागली. आपण खरंच मेलो आहोत की काय, अशी शंका आबाला क्षणभर येऊन गेली.

खिशातून तार काढून राधाकिशननं पुढं केली. वडील वारले, लवकर या. खाली नाव गहिनीनाथाचं. तार आली तेव्हा तो फडातच होता. अग्नी तर आपल्या हातून चुकलाच, आता डोकं कशाला दहाव्यासाठी ठेवायचं म्हणून तिथंच कालव्यावर न्हाव्यासमोर बसला. मुकादमानं त्याला सोडलं, पण मुक्ता आणि लेकरं ठेवून घेतली, हा तेराव्यानंतर माघारी आलाच पाहिजे म्हणून. “तिला जामीन ठेवून आलो, आबा,” तो म्हणाला. “आन् वाटंनं येताना तुमच्याशी लई भांडलो. एसटीत बसून भांडलो. म्हणलं ह्या बी बारीला मला तोंड दाखवलं न्हाई.”

गहिनीनाथ कधीचा कोपऱ्यावर येऊन उभा होता. कडूबाईनं त्याला पाहिलं आणि दोन्ही हातांनी बोलावलं. तो आला, चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाला, “मी केली तार. मारायचं तर मारा मला.”

राधाकिशन उठला. त्याचा हात उगारलाही गेला असता. पण आबा मोठ्यानं म्हणाला, “ये इकडं. आधी इकडं ये.” राधाकिशन गेला आणि ओट्याखाली, बापाच्या पायाशी बसला. आबानं त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला. लेकाच्या डोक्याला हात लावून किती वर्षं झाली होती, आबाला आठवेना. टाळूवर कुठंतरी वस्तऱ्याची चीर होती. “न्हावी आडाणी दिसतोय,” आबा म्हणाला, आणि त्याच्याही डोळ्यांना धार लागली. मागं ह्याच पोरानं आईसाठी डोकं काढलं होतं, तेव्हा आपण बघितलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी कुठं डोकी थाऱ्यावर आली. आणि पहिल्यांदा आबाच्याच लक्षात आलं. तो ताटावरून म्हणाला, “गहिनीनाथ, एक इसरलास तू. आता मी खरंच मेलो तर?”

गहिनीनाथाचा घास हातातच राहिला.

“मुकादम एका बापासाठी एकदाच सोडतो,” आबा शांतपणे म्हणाला. “ती बारी आता सरली. दुसरी तार गेली तर हसतील ते. बाप किती वेळा मरतो म्हणतील.”

गहिनीनाथ ताटावरून उठून गेला. त्याला वाईट वाटलं ते वाटलंच. पण आबाला राग आला नव्हता. तेराव्यापर्यंत पोरगं घरात होतं. ऐन तोडीच्या हंगामात एवढे दिवस सलग बापलेक एका घरात, राधाकिशन कोयता धरायच्या वयाचा झाल्यापासून, राहिले नव्हते.

मग खडकवाडीत कधी न झालेलं सुतक सुरू झालं. कुणी मेलं नव्हतं, पण रजा सुतकाची होती, तेव्हा ते पाळायचं असं सगळ्यांनीच न बोलता ठरवलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कडूबाई पिठलं-भाकरी आणायची, दुसऱ्या घरून कुणी आमटी धाडायचं. विठ्ठलराव कड्याहून समाचाराला आले, दारातूनच “फार वाईट झालं” म्हणाले, आणि समोर आबाला चहा पिताना बघून त्यांना उंबऱ्यावरच बसावं लागलं. मग इतके हसले की कडूबाईनं त्यांना पाणी दिलं, टँकरच्या वाटणीतलं.

सुतकाच्या घरी संध्याकाळी गरुडपुराण वाचतात. ते वाचणारा गावात एकच, आणि गेलेलाही तोच. “स्वतःचं स्वतः वाचायचं म्हंजे लई झालं,” आबा म्हणाला. तेव्हा गहिनीनाथानं सोसायटीतलं कपाट उघडून मिसरची होती नव्हती तेवढी सगळी पुस्तकं आणून ओट्यावर ठेवली. जामीन मागितला नाही. आबानंच जामिनाचं विचारलं, तर तो म्हणाला, “असू द्या आबा, माझाच जामीन.”

दिवेलागणीला म्हातारी माणसं जमायची. कंदील मध्ये, आबा पुस्तक घेऊन भिंतीला टेकलेला, राधाकिशन शेजारी. आबा थोडं वाचायचा, दम लागला की पुस्तक राधाकिशनकडं द्यायचा. राधाकिशन चौथीपर्यंत शिकलेला. अडखळत वाचायचा. तिथल्या बाया छाती बडवून रडतायत असं एक चित्र होतं, ते सगळ्यांनी हातोहात फिरवून बघितलं. मेल्यावर माणसाचं काळीज तराजूत घालतात आणि एका पिसाबरोबर तोलतात, हे राधाकिशननं वाचलं तेव्हा कुणी म्हणालं, “मुकादमाचं तोललं पाहिजे.” आबा ओरडला, “मधी बोलू नका! पुढं वाच रे.” त्याचा आवाज जुन्यासारखा खणखणीत निघाला आणि राधाकिशनला हसू आलं. बापाच्या ओरडण्याला तो कधी हसला होता? आबानं ते चोरून बघितलं.

मध्ये एकदा राधाकिशन पेव उघडून आत उतरला. मीठ कशासाठी ते कडूबाईनं त्याला सांगितलं होतं. कुठलीच गोष्ट तिच्या पोटात राहत नसे. बराच वेळ तो वर आला नाही. आबा ओट्यावरून बघत होता, हाक मारावीशी वाटली पण मारली नाही. राधाकिशन वर आला तेव्हा हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. तो आबापाशी येऊन बसला.

“ह्यात बसणार होतात?” त्यानं विचारलं.

“निजणार होतो.”

“माझ्यासाठी?”

आबा म्हणाला, “तू विचारलं होतंस, ठेवता आली नसती का. तवा मला ठाऊक नव्हतं. ठेवता येतं. मी चुकीचं बोललो तुला.”

राधाकिशननं हात झटकले, पुन्हा झटकले, मीठ काही सुटेना. “मी तवा उगं बोललो, आबा,” तो म्हणाला. “आईला कसं ठेवणार? मला कुणाला तरी बोलायचंच होतं. तुमीच समोर होता.”

राधाकिशन बापाचे पाय तेलानं चोळायचा. आबा तोडीचं विचारायचा, लेकरं फडात कुठं निजतात, मुक्ताच्या हाताला कोयता लागला होता तो बरा झाला का. ह्या गोष्टी आपण कधीच विचारल्या नव्हत्या हे त्याला विचारताना कळत होतं.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं राधाकिशनला निघायचंच होतं. न जाऊन भागणार नव्हतं, मुक्ता तिथं अडकली होती. आबानं हट्ट धरला की फाट्यापर्यंत मी येणार. दोघं सावकाश निघाले. आबा पावलापावलाला थांबायचा, राधाकिशन पिशवी खाली ठेवून त्याच्याबरोबर थांबायचा. मागून कडूबाई घोंगडी घेऊन येत होती. फाट्यावरच्या लिंबाखाली तिनं आबाला बसवलं.

एसटीचा धुरळा लांबून दिसला. राधाकिशन पाया पडला. पडून उठला आणि ह्या वेळेस त्यानं वर बघितलं. आबाचं तोंड तो बघत राहिला, कपाळ, भुवया, दाढीचे खुंट, सगळं. आबाही बघू देत होता. एसटी येऊन थांबली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी दोघं हलले नाहीत.

“पाडव्याला येतोस ना?” आबानं विचारलं. “तवर मी थांबतो बघ. दम धरतो. पेव हायेच, कडूबाई हाय—”

“न्हाई आबा,” राधाकिशन म्हणाला. “तरास झाला तर जा तुमी. माझ्यासाठी थांबू नका.”

आबानं मान हलवली. मग म्हणाला, “बरं.”